पुढे एक, मागे दीड

समजा, तुमच्यासमोर एक छोटी फ्रेंच गाडी उभी आहे आणि तुम्हाला काम दिलंय ते एवढंच, की तिच्या चारही चाकांतली हवा तपासायची. गाडी चार दारांची, सायीच्या रंगाची, पाठीला पोक आल्यासारखी. तुम्ही सवयीनं पुढचं झाकण उघडता, तर आत इंजिनच नाही. तिथे एक जादा चाक आणि कुणाची तरी चामड्याची जड बॅग. इंजिन पार मागे, आपण जिथे सामान ठेवतो तिथे. असेल बापडं. तुम्ही गुडघा टेकून बसता, चाकांना अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये दाब दाखवणारं मापक लावता. मागची दोन्ही दीड. पुढची दोन्ही जेमतेम एक. अंगठ्यानं दाबून बघता, तर पुढचं चाक मऊ. हवेची नळी तुमच्याच हातात आहे. काय कराल?

दिनकर आपट्यानं जे केलं तेच बहुतेक कराल. पुढच्या दोन्ही चाकांत हवा भरून ती दीडवर आणाल, टोप्या घट्ट बसवाल आणि या जर्मन लोकांचं लक्ष नसतं बुवा, असं म्हणत मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटाल.

ही गोष्ट मार्च १९५७ मधली, कोलोनजवळच्या रोडेनकिर्शनची. दिनकर तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मिरजेच्या एका शाळामास्तरांचा मुलगा. घरात पोथ्या आणि वह्या. नखांत ग्रीस घेऊन जेवायला बसणारा आपट्यांच्यात तोच पहिला. डिप्लोमा झाल्यावर तो दोन वर्षं कोल्हापूरला आत्माराम मिस्त्रींच्या वर्कशॉपात लॉऱ्यांखाली झोपून शिकला होता. आत्माराम मिस्त्री एकच गोष्ट रोज सांगायचे : "चार चाकं म्हणजे चार भाऊ, दिनकरराव. पंगतीत सगळ्यांना सारखं वाढायचं. एकाला कमी वाढलं की तो रुसणार आणि गाडी तिकडंच ओढणार." दिनकरनं हे मनावर कोरून घेतलं होतं. पुढे तो बोटीनं जर्मनीला आला. कोलोनच्या इंजिनिअरिंग स्कूलमध्ये प्रवेश हवा तर आधी वर्षभर प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागायचा. तो दाखला मिळवायला तो मायस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, लिंडलार यांच्या गॅरेजमध्ये लागला.

लिंडलार म्हणजे साठीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्यांच्या गॅरेजचा एक नियम होता. ज्यानं काम केलं त्यानं एका जाड कार्डावर काय केलं ते लिहायचं, खाली आपली सही करायची आणि ते कार्ड दोऱ्यानं स्टिअरिंगला बांधायचं. गिऱ्हाईक ते वाचतं, मग गाडी हलवतं. "काम हातानं होतं, युंग," लिंडलार त्याला म्हणाले होते. "पण जबाबदारी सहीनं होते." युंग म्हणजे पोरा. ते त्याला दुसऱ्या कशानंच हाक मारत नसत.

त्या दिवशी आलेली गाडी फ्राउ एशवायलर यांची होती. त्या हेबामे, म्हणजे सुईण. आसपासच्या पाच-सहा गावांतली निम्मी मुलं त्यांच्या हातांवर जन्मलेली. गाडी रेनोची, फोर सीव्ही. जर्मन लोक लाडानं तिला क्रेमश्निटशेन म्हणायचे. केकच्या दुकानात मिळणारा, सायीनं भरलेला चौकोनी तुकडा असतो ना, तसली. गाडी होतीही तशीच. धक्का लागला तर बोटाला चिकटून येईल असं वाटायचं.

सकाळी दहाला दिनकरनं ऑइल बदललं, आरसे पुसले, हवा भरली. कार्डावर लिहिलं : 'ऑइल बदललं. हवा चारही चाकांत १.५.' खाली मोठ्या अक्षरांत सही केली. कार्ड स्टिअरिंगला बांधलं, गाडी अंगणात लावली आणि तो एका मालमोटारीखाली शिरला. खालून त्याला फक्त माणसांचे पाय दिसायचे. अकराच्या सुमाराला मायस्टरचे बूट अंगणातून जाताना दिसले. ते त्या छोट्या गाडीपाशी थोडा वेळ थांबले, मग पुढे गेले, आणि मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. लिंडलार शहरात सुटे भाग आणायला निघाले होते. साडेअकराला बाईंचे पाय आले, तपकिरी बूट, घाईघाईत.

"हेर आपटे! झाली का माझी गाडी?" जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत.

"झाली, फ्राउ एशवायलर!" तो खालूनच ओरडला.

"छान. मला पळायला हवं. तिकडे दोन डोकी माझी वाट बघताहेत!" दार लागलं आणि ते चिमुकलं इंजिन पाठीमागून कुरकुरत रस्त्याला लागलं.

बारा वाजता दिनकर हात धुऊन डबा खायला बसला. बाकावर गाडीची माहितीपुस्तिका पडली होती. आरसे पुसताना त्यानंच ती कप्प्यातून काढून ठेवली होती आणि परत ठेवायला विसरला होता. पोळीचा घास तोंडात घेऊन तो ती चाळू लागला. फ्रेंच त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण यंत्राच्या आकृत्यांना भाषा लागत नाही. मधल्या एका पानावर गाडीचं वरून दिसणारं चित्र होतं. चार चाकं, चार आकडे. मागच्या चाकांजवळ दीड. पुढच्या चाकांजवळ एक. चित्राखाली जाड ठशात एक ओळ आणि तिच्या शेवटी उद्गारचिन्ह.

घास तसाच तोंडात राहिला.

शिकलेल्या माणसाची भीती वेगळी असते. अडाण्याला नुसतं काहीतरी चुकलंय असं वाटलं असतं. दिनकरला नेमकं काय चुकलंय ते दिसत होतं, एकामागून एक, जसं वहीत गणित सुटत जातं तसं. या गाडीचं सगळं वजन मागे. वळणावर तिचं मागचं अंग बाहेर फेकलं जायला बघतं. म्हणून पुढची चाकं मुद्दाम मऊ ठेवायची. ती आधी थोडी घसरतात, गाडी वळायला कुरकुरते, चालक आपोआप वेग कमी करतो. ती कुरकुरच त्याला वाचवते. पुढची चाकं टणक केली की नाक झटकन वळतं आणि शेपूट फिरतं. फिरलं की मग ते कुणाच्या बापाला आवरत नाही. त्यात बाजूचा वारा असला, तर वळणही लागत नाही.

त्यानं बाहेर पाहिलं. पेट्रोलच्या पंपावरची पत्र्याची पाटी वाऱ्यानं सारखी खडखडत होती.

रोडेनकिर्शनमधून पलीकडे जायचं तर ऱ्हाइनवरचा लांबलचक झुलता पूल लागतो. फ्राउ एशवायलर पाच मिनिटांत पुलावर असतील. असतील कसल्या, गेल्या असतील. पुढे जंगलातल्या वळणांचा रस्ता. दिनकरनं घड्याळ पाहिलं. बारा वाजून सहा मिनिटं.

त्यानं टेलिफोन उचलला. पहिल्यांदा नंबर चुकला, दुसऱ्यांदा लागला. बाईंच्या घरी त्यांची बहीण होती.

"ती ऱ्योसराथला गेलीय," बहीण म्हणाली. "जंगलरक्षकाच्या बायकोला जुळं होणार आहे. तिथे कुठला आलाय फोन! का हो, काही गडबड आहे का?"

हा एक क्षण होता. इथे खरं बोलता आलं असतं.

"नाही, नाही," दिनकर म्हणाला. "त्यांची पुस्तिका इथे राहिलीय, म्हणून."

"अहो, मग संध्याकाळी घेईल की! जीव कशाला टाकताय?"

फोनच्या शेजारी भिंतीवर पोलिसांचा नंबर लिहिलेला होता. दिनकरनं तीनदा चकतीत बोट घातलं आणि तीनदा काढलं. पोलीस सर्वांत आधी नाव विचारणार, मग पासपोर्ट. पासपोर्टवरचा राहण्याचा शिक्का मेमध्ये संपत होता. कार्डावर सही त्याची. मोठ्या अक्षरांत. आपण ज्या कामाचा दाखला घ्यायला एवढा समुद्र ओलांडून आलो, त्याच कामात एक बाई मारली, असं मिरजेला कळवावं लागेल. वडील काय म्हणतील? या विचाराचीच त्याला इतकी लाज वाटली की तो रिसीव्हर आपटून उठला. तिकडे एका बाईच्या जिवावर बेतलंय आणि हा शिक्क्याचा विचार करतोय!

तो मायस्टरच्या सायकलवर बसला आणि सुटला.

पुलाच्या कडेला पायी जाणाऱ्यांसाठी अरुंद पट्टा होता. वारा नदीवरून आडवा येत होता आणि सायकल ढकलत होता. शेजारून मालमोटार गेली की क्षणभर वारा अडायचा, आणि ती पुढे गेली की थोबाडीत बसावी तसा परत यायचा. दिनकर दर दहा पावलांवर कठड्याकडे बघत होता. कठडा शाबूत होता. खाली पाणी करडं, फुगलेलं. काही तरंगतंय का, म्हणून तो वाकून बघायचा आणि दिसू नये म्हणून लगेच डोळे मिटायचा.

पुलाच्या मध्यावर त्याला काहीतरी दिसलं. रस्त्यावर रबराच्या दोन काळ्या रेघा. सरळ येऊन कठड्याकडे वळलेल्या, वीतभर अंतर उरलं असताना पुन्हा सरळ झालेल्या आणि मग पुसट होत गेलेल्या. त्यानं सायकल कठड्याला टेकवली आणि मोटारींमध्ये फट मिळताच पुढे जाऊन रेघांमधलं अंतर पावलांनी मोजलं. अंदाजे छोट्या गाडीएवढंच होतं. पण छोट्या गाड्या काय, पुलावरून दिवसाला शेकड्यांनी जायच्या. एक चालक खिडकीतून ओरडून शिवी देऊन गेला.

पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत तो गेला. पुढचा रस्ता नुसता मोटारींचा होता, त्यावर सायकल न्यायची नव्हती. आणि नेली असती तरी काय? पंचवीस किलोमीटर पुढे गेलेल्या गाडीला तो गाठणार होता का? तो परत फिरला.

दोनला लिंडलार आले. त्यांनी दिनकरकडे नीट बघितलं.

"काय रे युंग? दूध नासल्यासारखं तोंड झालंय."

"डोकं दुखतंय, मायस्टर."

"जा, मग घरी जा."

"नाही, थांबतो मी."

लिंडलारनी आपला डगला खुंटीला अडकवला आणि कामाला लागले. दिनकर तीनदा त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. तिन्ही वेळा भलतंच काहीतरी विचारून परत आला. अडीच वाजता रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत गेला, पुलाच्या दिशेनं. त्याच्या हातातला पाना खाली पडला. तीन वाजता फोन वाजला. कुणालातरी काच बदलून हवी होती. चार वाजता फोन वाजला; चुकीचा नंबर. साडेचारला वाजला तेव्हा दिनकर पाठीमागच्या संडासात जाऊन कडी लावून बसला. पळून जावं का? कुठे? बोट मुंबईला पोचायला तीन आठवडे लागतात, असले वेडे हिशोब तो करत होता. लहानपणी आईनं शिकवलेली रामरक्षा म्हणायला लागला आणि चौथ्या ओळीला अडकला. कधीच न अडकणारी ती ओळ.

पावणेसहाला अंगणात ते इंजिन कुरकुरलं.

दिनकर बाहेर आला तेव्हा फ्राउ एशवायलर गाडीतून उतरत होत्या. टोपी वाकडी झालेली, गाल लाल.

"पेट्रोल भरा, हेर आपटे! दोन्ही मुली! आणि दोघी अशा भोकाड पसरून आल्या, की जंगलातली हरणं पळाली असतील!" त्या हसल्या आणि थांबल्या. "अरे देवा, तुम्हाला काय झालं? तुम्हीच बाळंत झाल्यासारखे दिसताय!"

"काही नाही. आज... वारा फार होता. पुलावर."

"होता खरा," बाई म्हणाल्या. एवढंच. आणि हातमोजे काढून पर्समध्ये टाकले. उजव्या हातमोज्याचा अंगठा काळा झाला होता, असं दिनकरला वाटलं. पण सुईणीच्या हातांना दिवसभरात काय काय लागत असेल, कुणी सांगावं?

त्या पैसे द्यायला आत गेल्या. दिनकर पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला. टोपी काढली, मापक लावलं. काटा एकवर थांबला. दुसऱ्या चाकाला लावलं. एक. मागची दोन्ही दीड. त्यानं मापक मायस्टरच्या दुसऱ्या मापकाशी ताडून बघितलं. मापक बरोबर होतं. सकाळीही बरोबर होतं. दोन चाकं स्वतःहून गळून नेमकी एकवर थांबत नाहीत, हे सांगायला डिप्लोमा लागत नाही.

मग त्यानं आत डोकावून बघितलं. स्टिअरिंगला फक्त दोरा होता. कार्ड नव्हतं.

त्या रात्री खोलीवर श्रीपादनं त्याला धारेवर धरलं. श्रीपाद म्हणजे कोलोनच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करणारा पुण्याचा मुलगा. दोघं एकच खोली वाटून घ्यायचे, आणि एकच कुकरही.

"म्हणजे कुणीतरी कार्ड वाचलं," श्रीपाद म्हणाला. "वाचून खाली वाकलं, हवा काढली आणि कार्ड खिशात घातलं. मग जाऊन विचार ना लेका, कोणी ते!"

"विचारलं म्हणजे कबूल केलं."

"आल्झो, मग कबूल कर! बाई जिवंत आहे, मायस्टर जिवंत आहे, तू तेवढा मेल्यासारखा बसलायस."

"उद्या विचारतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर. उद्या." श्रीपादनं भात वाढला. "तुझा उद्या मला माहीत आहे."

श्रीपादचं खरं निघालं. दिनकरनं विचारलं नाही. उद्याचा परवा झाला, वर्षअखेर लिंडलारनी दाखला दिला. त्यात लिहिलं होतं : 'काळजीपूर्वक काम करतो.' ते वाचताना दिनकरचे कान तापले.

पुढे तो शिकला, न्युरेम्बर्गला एका मोठ्या कारखान्यात लागला, चाचणी विभागात. सुट्टीत मिरजेला जाऊन स्नेहलताशी लग्न करून आला. माणूस तसा हसतमुख, गाणं ऐकणारा. पण खिशात पेनाशेजारी कायम एक मापक. कुणाच्याही गाडीत बसायचं तर आधी चारही चाकांशी उठाबशा. एकदा डोंगरात फिरायला निघाले असताना त्यानं तिसऱ्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवली, तेव्हा स्नेहलता वैतागली.

"अहो, चाकांना ताप आलाय का? दर तासाला थर्मामीटर लावताय ते!"

तिला हसू येत होतं, पण त्यानं चारही टोप्या पुन्हा काढून पुन्हा मोजायला घेतलं तेव्हा ते मावळलं. त्या संध्याकाळी त्यानं तिला सगळं सांगितलं. लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती.

"मग जाऊन विचारा," ती म्हणाली. "माणसं म्हातारी होतात. नंतर कुणाला विचाराल?"

१९६६ च्या उन्हाळ्यात दोघं रोडेनकिर्शनला गेली. लिंडलारनी गॅरेज विकलं होतं आणि ते घरामागे सफरचंदाच्या झाडांना आळी करत होते. दिनकरनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, पाठ केलेलं भाषण म्हणावं तसं. म्हातारा फावड्यावर रेलून ऐकत राहिला.

"दीड? पुढे दीड?" ते म्हणाले. "मी जर ते कार्ड वाचलं असतं ना युंग, तर तुझे कान उपटून त्याच दोऱ्यानं स्टिअरिंगला बांधले असते."

"पण तुमचे बूट थांबले होते. गाडीपाशी. मी खालून बघितले."

"बूट काय, कुठेही थांबतात. नाडी सुटली असेल." आणि ते पुन्हा माती उकरायला लागले. "तिला विचार."

फ्राउ एशवायलर वृद्धाश्रमात होत्या. खोलीत बाळांच्या फोटोंनी भिंत भरलेली. त्यांनी दिनकरला लगेच ओळखलं, स्नेहलताचा हात हातात घेऊन सोडेनात.

"हवा?" त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतं, मुला? मी आयुष्यभर किल्ली फिरवली आणि गाडी चालली."

"पण पुलावर त्या दिवशी गाडी घसरली होती का? मी रेघा पाहिल्या होत्या."

बाईंनी स्नेहलताचा हात थोपटला. "पुलावर गाडी रोजच थोडी नाचायची. आणि कार्ड म्हणतोस, तर कार्ड मी कधी वाचलंच नाही. सही बघायची आणि निघायचं." मग एकदम वळून स्नेहलताला विचारलं, "तुझं पहिलं कधी?" स्नेहलता लाजली. तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर दिनकर पुलावरून फार सावकाश गाडी चालवत होता. मागच्या मोटारी भोंगे वाजवत होत्या.

"झालं ना आता समाधान?" स्नेहलता म्हणाली. "बाई सुखरूप आल्या, दोन मुली जन्मल्या. तुम्ही सांगून मोकळे झालात. आणखी काय हवं?"

हो म्हणायचं म्हणून दिनकरनं मान डोलावली. सांगितल्यानं छातीवरचा दगड उतरला होता खरा, पण त्या दगडाच्या जागी आता एक भोक होतं. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता, आणि ते दिनकरच्या भल्यासाठी. नऊ वर्षं कुणीतरी त्याची चूक खिशात घालून फिरत होतं आणि त्याला कळूही देत नव्हतं. कोण, ते कळलं असतं तर निदान त्याच्या पाया पडता आलं असतं.

पुलाच्या मध्यावर त्याची नजर आपोआप रस्त्याकडे गेली. रेघा केव्हाच पुसून गेल्या होत्या. ते कार्ड वाचून त्या दिवशी खाली वाकलं होतं तरी कोण?